नवा स्मार्टफोन : कापड दुकानदाराचे पहिले अनुभव

आमच्या जुन्या फोनने पावसाळ्याच्या तोंडावर कायमची रजा घेतली. काच केव्हाच तडकली होती. बॅटरी दुपारच्या आत बसायची. सुरतहून आलेला फोटो उघडायला इतका वेळ लागे, की तोवर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊन कापड फाडून घेई. शेवटी मुलाने आम्हाला न विचारताच नवा स्मार्टफोन आणून गादीवर ठेवला. "अब्बा, अब इसको चलाओ," एवढेच बोलला. किंमत १८,५०० रुपये. त्याला आता दोन महिने होत आले. या दोन महिन्यांत फोनने आम्हाला सुख दिले आणि एक मोठा फटकाही दिला. व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून दोन्ही जसेच्या तसे लिहीत आहोत. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. आम्हाला कोणाची जाहिरात करायची नाही, आणि जे सांगायचे आहे ते या किमतीच्या बहुतेक फोनांना लागू आहे.

प्रथम किमतीविषयी. मुलाने रोख पैसे दिले, हे चांगले केले. दुकानात त्याला 'बिनव्याजी हप्त्यां'चा पुष्कळ आग्रह झाला होता. आमच्या वाचकांना व्याजाबद्दल वेगळे सांगायला नको, पण या बिनव्याजी प्रकारात काय असते ते समजून घ्यावे. कर्ज देणारी बँक व्याज सोडत नाही. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती हप्तेवाल्याला देत नाहीत व व्याज म्हणून बँकेकडे वळवतात, किंवा ते प्रोसेसिंग फीमध्ये दडवतात. रिझर्व्ह बँकेने २०१३ साली बँकांना याच कारणाने ताकीद दिली होती, की शून्य टक्के व्याज म्हणून जे सांगितले जाते त्यात व्याज झाकलेले असते. तेव्हा हप्ता घेण्याआधी 'रोख घेतला तर केवढ्याला?' एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तरातल्या फरकावरून सगळे कळते.

दुसऱ्या गोष्टीत मात्र मुलगा चुकला. बिल त्याने स्वतःच्या नावावर केले, दुकानाचा जीएसटी नंबर दिलाच नाही. मोबाइलवर २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे १८,५०० मध्ये सुमारे २,८०० रुपये कराचेच. फोन धंद्याच्या वापराचा आणि बिल दुकानाच्या नावाचे असते, तर ही रक्कम आम्हाला आमच्या कराच्या हिशेबात वळती करून घेता आली असती. कंपोझिशनमध्ये असलेल्या लहान दुकानदारांना ही सवलत नाही, पण नियमित रिटर्न भरणाऱ्यांनी बिल करताना नंबर सांगायला विसरू नये.

डबा उघडला तर आत चार्जर नाही. फक्त वायर. चार्जर वेगळा विकत घ्या म्हणतात. उद्या आम्ही शर्टपीस विकून बटणे वेगळी घ्या म्हटले तर गिऱ्हाईक उभे राहील काय? असो. फोन हातात घेतला तर जड आणि गुळगुळीत, साटनच्या ताग्यासारखा हातातून सटकणारा. पहिल्याच दिवशी गल्ल्यावरून घसरला, नशिबाने खाली लठ्ठ्याचा गठ्ठा होता. त्याच संध्याकाळी रबरी कव्हर आणवले. पडदा मोठा, अक्षरे ठळक. चष्मा न लावता सुरतवाल्याचे बिल वाचता आले, हे पहिले सुख. बॅटरी रात्री दुकान वाढवीपर्यंत टिकते, हे दुसरे.

दूरच्या बाजाराशी यंत्रावरून बोलणे आमच्या खामगावला नवे नाही. १८७० मध्ये जलंबहून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा झाला आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. कारण एकच, वऱ्हाडचा कापूस. रेल्वेबरोबर तारही आली. आदल्या वर्षीच सुएझचा कालवा खुला झाला होता, त्यामुळे मुंबईहून निघालेली आगबोट एकवीस दिवसांत लिव्हरपूलला लागू लागली. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने तारेने मागणी करावी आणि दीड महिन्याच्या सुमारास वऱ्हाडचा कापूस त्याच्या गोदीत उतरावा, असा तो काळ. पण तारेने भाव कळे, मागणी कळे. कापूस कसा आहे हे तारेने कळत नसे. त्यासाठी बोंडातला पुंजका चिमटीत धरून, ओढून, धाग्याची लांबी बघावी लागे. या गोष्टीची आठवण आम्हाला पुढे ज्या कारणाने झाली ते सांगतोच.

आमच्या वडिलांच्या वेळी अहमदाबादचा ट्रंक कॉल लावायचा तर नंबर बुक करून तासन्‌तास बसावे लागे. पुढे एसटीडीचे पिवळे बूथ आले. रात्री दर उतरत म्हणून जेवण उरकून व्यापारी बूथबाहेर रांग लावत. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्त्याहून दिल्लीला झाला, पण आपल्याकडे हे यंत्र यायला वेळ लागला, आणि आले तेव्हा येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. ते २००३ साली बंद झाले तेव्हा आम्ही पहिला फोन घेतला, बटणांचा. या सर्व यंत्रांतून आवाज जात होता. माल बघायचा तर माणूसच जात होता. वर्षातून तीन-चार वेळा आम्ही मलकापूरहून गाडी पकडून सुरत गाठायचो, बऱ्हाणपूर आणि मालेगावच्याही फेऱ्या व्हायच्या. हातात ताग्याचे टोक घ्यायचे, मुठीत चुरगळून सोडायचे, जिभेने ओले करून बघायचे. आता सुरतवाला दिवसाला पन्नास फोटो पाठवतो आणि आम्ही गादीवरून उठत नाही.

नव्या फोनचे सगळ्यात मोठे कौतुक झाले ते कॅमेऱ्याचे. ओढणीच्या काठाचा फोटो काढला तर एकेक जरीचा धागा मोजता येतो. आमचे धागे मोजायचे भिंग पेटीत पडून राहिले. आम्ही कपाटातला अर्धा माल फोटोत उतरवून गिऱ्हाइकांना पाठवला. "चाचा, माल तर जबरदस्त आला," अशी उत्तरे येऊ लागली. माल तोच होता, दोन वर्षांपासून पडलेला. कॅमेऱ्याने त्यावर स्वतःहून पॉलिश मारली होती. आम्हाला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आता फटक्याची हकीकत. मेहकरकडच्या एका गावात दोन बहिणी बुरख्याची शिलाई करतात. चार मशिनी आहेत, हाताखाली गावातल्याच मुली. त्यांचे वडील आमचे गिऱ्हाईक होते, त्यांच्या इंतकालानंतर मुलींनी काम चालू ठेवले. उधारी घेतात आणि ठरल्या तारखेला आणून देतात. अशी गिऱ्हाइके बाजारात किती उरली आहेत ते व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. त्यांनी एका दुकानाची चौदा बुरख्यांची ऑर्डर घेतली होती. आमच्याकडून आधी नेलेले काळे निदा कापड अंगापुरते पुरले, बाह्या आणि वरच्या ओढणीला कमी पडले. आणखी तीस मीटर हवे होते. एरवी त्या तुकडा घेऊन एसटीने येतात, जुळवून नेतात. त्या आठवड्यात पाऊस फार होता. धाकटी फोनवर म्हणाली, "चाचा, तुम्हीच बघून फोटो पाठवा, तुमच्या नजरेवर घेते."

जुना तागा संपला होता, पण त्याचे टोक आमच्याकडे शिल्लक होते. नवा तागा दुसऱ्या मिलचा. रात्री दुकान वाढवताना आम्ही दोन्ही शेजारी ठेवले. ट्यूबलाइटखाली सारखेच दिसले. नव्या फोनने फोटो काढला, त्यात तर इतके सारखे, की कोणते कोणते ते आम्हालाच कळेना. फोटो गेला, पसंती आली, दुसऱ्या दिवशी पार्सल गेले. आठ दिवसांनी थोरली बहीण चौदाच्या चौदा बुरखे पिशवीत घालून दुकानात हजर. काही न बोलता तिने एक बुरखा काढला आणि आम्हाला हाताने खूण करून ओट्यावर, उन्हात बोलावले. अंग स्वच्छ काळे आणि बाह्या तांबूस. जणू चार वर्षे वापरून विटलेल्या. दुकानदाराने सगळा माल परत केला होता. ती रागावली नाही. "चाचा, फोटो तुम्हीच पाठवला होता," एवढेच म्हणाली.

तीस वर्षांत आम्ही काळे कापड ओट्यावर नेल्याशिवाय कधी जुळवले नव्हते. वडिलांनी पहिल्या महिन्यात शिकवलेली गोष्ट. त्या रात्री ऊन नव्हते हे खरे, पण सकाळपर्यंत थांबता आले असते. थांबलो नाही, कारण फोटो इतका सुंदर आला होता.

तीस मीटर बरोबर जुळणारे कापड आम्ही दुसरीकडून मिळवून दिले, १४० रुपये मीटरने ४,२०० रुपये. उसवून पुन्हा शिवण्याची मजुरी नगामागे १५० प्रमाणे २,१०० रुपये. एकूण ६,३००. बहिणी मजुरी घ्यायला तयार नव्हत्या. आम्ही म्हटले, बेटी, नजर आमची होती, तर नुकसानही आमचेच. फोन आम्हाला २४,८०० ला पडला असे समजून चालतो.

हे कसे झाले ते आम्ही नंतर जाणकारांना विचारून घेतले. कापडवाल्यांनी आणि शिंप्यांनी हे नीट वाचावे. पॉलिस्टरला काळा रंग देताना काळा म्हणून एकच रंग नसतो. निळा, नारिंगी, जांभळा असे रंग मिसळून काळा करतात. प्रत्येक मिलचे प्रमाण वेगळे. ट्यूबच्या प्रकाशात जे दोन काळे एक दिसतात ते उन्हात फुटतात, एक निळसर, दुसरा तांबूस. हा दोष फोनच्या आधीपासून आहे आणि ओटा त्यासाठीच होता. फोनने त्यावर आपली भर घातली. कॅमेरा समोरच्या वस्तूला मध्यम उजेडाची समजून फोटो काढतो. काळे कापड पडदाभर धरले तर तो त्याला उजळवून राखाडी करतो, पांढरा लठ्ठा धरला तर त्याला मळकट करतो. रात्रीच्या उजेडात तर तो एकामागून एक अनेक फोटो घेऊन त्यांचा मिळून एक बनवतो, आणि बारीकसारीक फरक त्यात पुसले जातात. त्यातून आमच्या फोनचा पडदा नव्या जातीचा आहे. त्यात काळ्या जागी दिवाच विझतो, म्हणून काळा अगदी काजळासारखा दिसतो. बहिणींच्या जुन्या फोनच्या पडद्यामागे दिवा सतत जळत असतो, तिथे तोच काळा धुरकट दिसतो. म्हणजे एकच फोटो दोघांनी पाहिला आणि दोघांना वेगळा दिसला. त्यात कोणी खोटे बोलले नाही.

हे शेवटचे आम्हाला जास्त टोचते. मालात ऐब असेल तर सांगून विकावे, हे व्यापाऱ्याला कळते. पण इथे यंत्र आपल्या वतीने ऐब झाकते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. गिऱ्हाईक फोटो बघून पैसे देते, यंत्र बघून नव्हे. जबाबदारी कोणाची, यावर बाजारात दोन मते ऐकली. काहींचे म्हणणे, फोटो पसंत केला म्हणजे सौदा पक्का. आम्हाला ते पटत नाही.

तेव्हापासून आम्ही फोटो काढण्याची पद्धत बदलली. दिवसा, ओट्यावर, पण थेट उन्हात न धरता सावलीत. कापडाशेजारी एक कोरा पांढरा कागद आणि मोजपट्टी. कागद फोटोत पांढरा दिसला तर बाकीचा रंगही बराचसा खरा. काळे कापड असेल तर पडद्यावर कापडाच्या जागी बोट टेकवावे, बहुतेक फोनांत सूर्याचे चिन्ह येते. ते खाली ओढून उजेड कमी करावा. सेटिंगमध्ये पडद्याचे रंग 'भडक' असतात ते 'नैसर्गिक' करून ठेवावेत. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर तो दाबून लहान होतो. एचडी किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. कापड कसे पडते ते फोटोत येत नाही, त्यासाठी मुठीत चुरगळून सोडल्याचा व्हिडिओ दहा सेकंदांचा पुरतो. आणि ताग्यात कुठे धागा तुटला असेल, डाग असेल, तर त्याचा वेगळा फोटो आधी पाठवावा. कॅमेरा इतका बारीक आहे तर तो ऐब दाखवायलाही वापरता येतो. या कामी तो खरोखरच अव्वल आहे. सुरतच्या एका पार्टीने डागी माल पाठवला तेव्हा गठ्ठा उघडतानाचा व्हिडिओच आमच्या कामी आला, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा वाद न होता रक्कम वजा झाली.

बोलून लिहिण्याची सोय नव्या फोनात चांगली आहे, पण बारीक लक्ष ठेवावे लागते. आमचे शिक्षण उर्दू शाळेतले. मराठी बाजारात शिकलो, त्यामुळे मराठी टाइप करताना वेलांट्या आमची परीक्षा घेतात. बोलले की फोन लिहितो, हे मोठे सोयीचे. मात्र आम्ही म्हणालो 'तीस मीटर निदा पाठवा', फोनने लिहिले 'तीस मीटर निंदा पाठवा'. समोरच्या व्यापाऱ्याने उत्तर दिले, 'शेठ, तेवढी स्टॉकमध्ये नाही'. उर्दूतही लिहिता येते. पण उर्दू ओळीत '४४-५८' असा पन्ना इंग्रजी आकड्यांत लिहिला की पडद्यावर तो उलटा, ५८ आधी आणि ४४ नंतर असा दिसतो, कारण ओळ उजवीकडून चालते. आकड्यांच्या मध्ये रेघ न देता '४४ से ५८' असे शब्दात लिहिले म्हणजे गोंधळ होत नाही. मापाची ऑर्डर उर्दूत पाठवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पैशाच्या व्यवहाराबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, पण ते बहुतेकांना ठाऊक झाले आहे. यूपीआय २०१६ मध्ये सुरू झाले आणि त्याच नोव्हेंबरच्या नोटबंदीने ते गल्लोगल्ली पोचवले. तरी दोन गोष्टी पुन्हा सांगतो, कारण आमच्याच ओळीतल्या दुकानांत लोक फसले आहेत. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. आणि गिऱ्हाइकाने आपल्या फोनवर 'पेमेंट झाले' असे हिरवे चित्र दाखवले तर त्यावर माल देऊ नये, तसे खोटे चित्र बनवणारी अॅप्स निघाली आहेत. आपल्या बँकेत रक्कम आली की नाही ते बघावे. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० वर फोन करावा, जितका उशीर तितकी रक्कम पुढे सरकते. नव्या फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबले की पंधरा आकडी नंबर येतो, तो उधारीच्या वहीत लिहून ठेवावा. फोन हरवला तर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरून तो बंद करता येतो, आणि त्याला हा नंबर लागतो. फोनमध्येच लिहून ठेवला तर काय उपयोग, हे आमच्या मुलाला समजावून सांगावे लागले.

उधारीची वही आम्ही अजून फोनात घातलेली नाही. मुलगा मागे लागला आहे. रोज रात्री वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवतो, एवढ्यावर सध्या तडजोड आहे. मागच्या पावसात दुकानात पाणी शिरले होते तेव्हा दोन वह्या भिजल्या. ते आठवले की मुलाचे म्हणणे बरोबर वाटते. पण गिऱ्हाईक समोर बसून आपल्या नावाच्या पानावर बोट ठेवते, आकडा बघते आणि मान डोलावते, ते फोनवर कसे होणार हे तो अजून दाखवू शकलेला नाही.

गेल्या सोमवारी बहिणींची नवी ऑर्डर आली. या वेळी बावीस बुरखे, काही काळे, काही गडद निळे. धाकटीने फोटो मागितला. आम्ही ओट्यावर जाऊन, पांढरा कागद ठेवून, उजेड कमी करून फोटो पाठवला. तिला पसंत पडला. तरी चार चार बोटे रुंदीचे कटिंग कापून पाकिटात घातले, त्यावर ताग्याचा नंबर टाकला आणि मेहकरला निघालेल्या एका ओळखीच्या दुकानदाराच्या हाती दिले. "फोटो पाठवला म्हणता ना शेठ, मग हे कशाला?" त्याने विचारले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. काळा बरोबर आहे, निळ्याचा दुसरा तागा दाखवा.